राघूचा राग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करावयास मी काही शिकलेली बाई नाही. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढे लग्न होऊन कोंढ्याला आले आणि चूल, मुले, धानाची रोवणी यांतच दिवस गेले. मागे हळदीकुंकवाला बोलता बोलता आमच्या राघूची गोष्ट निघाली. तेव्हा अध्यक्षाबाई म्हणाल्या, "हेच वर्धापनदिनाला सांगा. गावात पिंजरे पुष्कळ आहेत." म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०१५ सालच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या बांधावरच्या मोहाच्या ढोलीतून एका गड्याने राघूचे पिल्लू काढून आणले. अंगावर धड पीसही नव्हते. सासरे नुकतेच गेले होते आणि सासूबाईंना घर खायला उठत होते. त्यांनी ते पिल्लू पदरात घेतले, भिजवलेले चणे वाटून रात्रीबेरात्री भरविले आणि जगविले. उडून जाऊ नये म्हणून घरच्या ह्यांनी त्याच्या पंखांची पिसे छाटली. तिसऱ्या वर्षी गळ्याभोवती काळे-गुलाबी कडे उमटले, तेव्हा तो नर आहे हे कळले. तो "विठ्ठल विठ्ठल" म्हणे आणि सासूबाईंच्या खोकल्याची हुबेहूब नक्कलही करी. सासूबाईंचा तो जीव की प्राण झाला.

पण कडे उमटले आणि राघूचा स्वभावही पालटला. माघ-फाल्गुन आला की जवळ जाईल त्याला चावायचा. घाणीचे तर विचारूच नका. पिंजरा छपरीत टांगलेला. सकाळी सारवावे आणि दुपारपर्यंत खाली चण्याची टरफले, पेरूचा गर, शीट आणि भिंतीवर शिंतोडे. लाड करायचे सासूबाईंनी आणि पुसायचे मी! खरे सांगते भगिनींनो, मी मनातून त्याचा राग राग करीत असे. चिमटा घेऊन पिंजऱ्यावर आपटलासुद्धा आहे. त्याने तो अधिकच चवताळे.

२०२२ साली नणंदबाई माहेरपणाला आल्या होत्या. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीने पिंजऱ्यात बोट घातले आणि राघूने ते फोडले. दोन टाके पडले. घरात एकच गोंधळ झाला. नणंदबाई म्हणाल्या, "पोर मोठी की पाखरू मोठे?" हे म्हणाले, "उद्याच दार उघडून त्याला हाकलून देतो." त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मी मात्र मध्ये सापडले.

दुसऱ्या दिवशी मी गुरांच्या डॉक्टरांना विचारावयास गेले. ते म्हणाले, "दार उघडू नका. ज्याने जन्मात स्वतः चारा शोधला नाही आणि ज्याचे पंख छाटलेले, तो कावळ्या-मांजरांच्या तोंडी जाईल. आणि त्याला दुष्टही म्हणू नका. पोपट चावतो तो भीतीने, कंटाळ्याने किंवा ऋतूवर आला म्हणून. विठ्ठल म्हणता आले तरी आपले दुःख त्याला सांगता येत नाही. ते तो चोचीनेच सांगणार."

हे शब्द माझ्या मनात बसले. घरी आल्यावर मी पंधरा दिवस राघूवर नजर ठेवली. तो कधी चावतो, त्यापूर्वी काय घडते, हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहीत गेले. तेव्हा कळले की हात वरून आला की तो चावतो, कारण वरून येते ती घार, हे त्याच्या रक्तातच आहे. झाडू जवळ फिरली की चावतो. रात्री टीव्हीपुढे जागरण झाले की सकाळी चिडतो. शिवाय चावण्याआधी तो सूचनाही देतो. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, मानेची पिसे उभी राहतात, शेपूट पसरते आणि अंग पुढे झुकते. ही सूचना आपण वाचीत नाही आणि मग त्याला विश्वासघातकी म्हणतो!

त्याप्रमाणे मी चार गोष्टी बदलल्या. पहिली, हात नेहमी समोरून, छातीच्या खालच्या बाजूने न्यावयाचा. आणि सूचना दिसली की मागे सरावयाचे. दुसरी, चावला तरी ओरडावयाचे नाही, मारावयाचे नाही. आपण किंचाळलो की त्याला ती गंमत वाटते, मारले की वैर वाटते. मुकाट्याने तोंड फिरवून पाच मिनिटे दूर जावे. आणि शांत बसला की लगेच पेरूची फोड द्यावी. तिसरी, दिवस मावळला की पिंजरा शांत खोलीत न्यावा. त्याला दहा-बारा तास अंधार आणि झोप लागते. चौथी, त्याला काही उद्योग द्यावा. रानात पोपट दिवसभर चारा शोधतो आणि लाकूड कुरतडतो. पिंजऱ्यात त्याने काय करावे? मी कडुलिंबाच्या आणि पेरूच्या डहाळ्या बांधल्या, चणे मक्याच्या पानात गुंडाळून ठेवू लागले. ते सोडविण्यात त्याचा तास जाई. लहान गोल पिंजरा काढून लांबरुंद चौकोनी पिंजराही आणला.

आता घाणीविषयी. पोपट दर वीस-तीस मिनिटांनी शीट टाकतो. ते त्याचे शरीरच आहे. दाणा सोलून टरफल फेकणे आणि अर्धे फळ टाकून दुसरे घेणे हीदेखील त्याची रानची रीत आहे. म्हणून त्याला वळण लावण्याऐवजी मीच सोय लावली. पिंजऱ्याखाली रुंद पत्र्याचा ट्रे आणि त्यात जुने वर्तमानपत्र. फळ सकाळी ठराविक वेळी, मोजके. दोन तासांनी उरलेले काढून घ्यावयाचे. वाट्या दांडीच्या खाली नव्हे, बाजूला. म्हणजे त्यांत शीट पडत नाही. उन्हाळ्यात आंघोळीला उथळ थाळी. आणि एक लक्षात ठेवा, वाळलेली शीट कधी झाडू नये. तिची धूळ छातीत गेली तर माणसालाही ताप आणि फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. आधी पाणी शिंपडून ओली करावी, मग कागद गुंडाळून टाकावा आणि हात साबणाने धुवावेत.

खाण्याचेही सांगते. मिरची खाल्ली की पोपट बोलतो असे आपल्याकडे म्हणतात. तसे काही नाही. मिरचीचा तिखटपणा पाखरांना जाणवतच नाही. चहात भिजवलेले बिस्कीट, शेव, चॉकलेट मात्र देऊ नये. नॉनस्टिकचे भांडे गॅसवर रिकामे तापले तर त्याच्या धुराने पिंजऱ्यातले पाखरू मरू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

तीन-चार महिन्यांत राघूचे चावणे जवळजवळ थांबले. छपरीही स्वच्छ राहू लागली. मला तर मोठा अभिमान वाटला. पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. संध्याकाळी लाखोरीच्या बांध्यांवरून राघूंचे थवे ओरडत झाडांकडे परतत. तो आवाज आला की आमचा राघू सगळी पिसे अंगाशी चिकटवून गजांवर धडका घेई. चोचीला रक्त येई. डहाळी द्या, पेरू द्या, तिकडे पाहत नसे. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी त्याचा राग शांत केला होता, त्याचे दुःख नव्हे.

त्याच सुमारास थोरल्या मुलाने कायदा वाचून दाखविला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानचे पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी ठेवणे हा गुन्हा आहे. २०२२ साली हा कायदा सुधारला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे सारे घाबरले. पण सासूबाईंना सांगणार कोण?

मीच सांगितले. त्या पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुनबाई, मले ठाऊक आहे. पिल्लू आणलं तेव्हा त्याची माय दोन दिस त्या मोहावर ओरडत होती. मले आयकू येत होतं. मी कान झाकून घेतले." भगिनींनो, आठ वर्षे ही गोष्ट त्या माउलीने पोटात ठेवली होती.

२०२३ च्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी राघूला पवनीच्या वनविभागाच्या कार्यालयात नेले. सासूबाईंनी पिंजऱ्यावर आपले जुने लुगडे घातले होते, त्याला रस्त्याची भीती वाटू नये म्हणून. तेथून त्याला नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या उपचार केंद्रात पाठवावयाचे ठरले. छाटलेली पिसे गळून नवी येतात, एवढी आशा मनात घेऊन आम्ही परतलो. वाटेत राघू "विठ्ठल" म्हणाला होता तेवढेच. सासूबाई महिनाभर उदास होत्या. अजूनही थवा आला की त्या छपरीत येऊन उभ्या राहतात.

म्हणून माझे सांगणे इतकेच. ज्यांच्या घरी पिंजरा आहे त्यांनी आजच्या आज दार उघडू नये, आणि भीतीने लपवूनही ठेवू नये. वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर फोन करून विचारावे. तोवर त्याला मारू नये, त्याची झोप व उद्योग सांभाळावा. आणि ज्यांच्या घरी पिंजरा नाही त्यांनी मोहा-पळसाच्या ढोलीतले पिल्लू कोणी विकावयास आणले तर घेऊ नये. घेणारी नसेल तर काढणारा काढणार नाही. आमच्या अंगणात आता भिंतीवर पाण्याचे परळ असते आणि पेरूच्या झाडाला वरची फळे आम्ही राखून ठेवतो. राघू येतात, अर्धे खातात, अर्धे टाकतात. खालचा केर मीच काढते. पण आता मला त्याचा राग येत नाही.