मुलाचा मेंदू घरात घडतो
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



पोटाला अन्न, अंगाला कपडा आणि डोक्यावर छप्पर मिळाले की मूल वाढते, असा आपला समज असतो. रुमानियातील प्रकाराने तो खोटा ठरविला.

त्या देशात 1966 साली चाउशेस्कू सरकारने गर्भपातावर बंदी घातली. गरिबांना मुले पोसवेनात. लाखावर मुले सरकारी बालगृहांत गेली. 1989 साली ती राजवट कोसळली, तेव्हा जगाला त्यांची दशा कळली. खाणे वेळेवर मिळे. पण सांभाळणाऱ्या बाया पाळीपाळीने बदलत, आणि एकेकीकडे पुष्कळ मुले असत.

पुढे नेल्सन, फॉक्स व झीना या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुखारेस्ट शहरातील अशा 136 मुलांचा अभ्यास केला. मुले 6 ते 31 महिन्यांची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुले कुटुंबांत सांभाळण्यास दिली. साडेचार वर्षांच्या वयात बालगृहाच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक 73, तर कुटुंबात दिलेल्यांचा 81 भरला. जन्मापासून आपल्या घरी वाढलेल्या मुलांचा 109 होता. दोन वर्षांच्या आत घर मिळाले, त्यांचा लाभ अधिक झाला. मेंदूची छायाचित्रे घेतली तेव्हा करडा भाग दोन्ही गटांत कमी आढळला. मात्र मेंदूचे भाग जोडणारा पांढरा भाग कुटुंबात गेलेल्यांत बराचसा भरून आला होता.

असे का व्हावे? बाळ हुंकारते, आई त्याला उत्तर देते. ते रडते, दादी उचलून घेते. अशा प्रत्येक देवाणघेवाणीने मेंदूतील पेशींचे दुवे पक्के होतात. न वापरलेले दुवे गळून जातात. त्यासाठी आई शिकलेलीच हवी असे नाही. रोज तेच माणूस, तोच आवाज मिळणे महत्त्वाचे.

आता आपल्याकडे पाहू. बाप वारला की चार वर्षांच्या पोरालाही यतीमखान्यात ठेवण्याचा विचार होतो. हेतू चांगला असतो, पण मार्ग तपासला पाहिजे. प्रेषित हजरत मुहंमद (स.) स्वतः यतीम होते. आईच्या पश्चात आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी व नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना आपल्या घरी वाढविले. 2015 चा बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या अशा मुलांसाठी दरमहा अनुदान मिळते. त्याचा अर्ज भरून देणे हे आम्हां शिक्षकांचे काम समजावे.

माझी संस्थेला नम्र सूचना अशी, की वसतिगृह मोठ्या मुलांसाठी जरूर चालवावे. लहानग्यांसाठी मात्र जकातीची मदत त्यांच्या आईच्या, मामाच्या वा चुलत्याच्या घरी पोहोचवावी. खर्च तेवढाच येईल, आणि मुलाचे घर सुटणार नाही.