बोरिवली : पाण्याच्या वाटेने



बोरिवली म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे लोकलगाडी, गर्दी आणि उंच इमारती येतील. पण आज मी तुम्हांला निराळी बोरिवली दाखवणार आहे. साष्टी बेटावरचे हे एके काळचे लहानसे गाव. बोरीच्या झाडांवरून नाव पडले, असे सांगतात. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी आणि दोहोंना जोडणारी दहिसर नदी, हा इथला भूगोल. इतिहासही त्यातूनच घडला.

प्रथम डोंगर चढू या. तेथे कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा वास होता. पावसाळ्यात मुसळधार पाऊस, उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ; मग इतकी माणसे राहिली कशी? लेण्यांजवळची टाकी बघा. कातळात कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यांत उतरे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या लोकांनी लेण्यांना दाने दिली, तशी पोढीही दान दिली. पाणी साठवणे हे पुण्यच होते म्हणा ना!

आता डोंगर उतरून खाडीच्या बाजूला, एकसरला जाऊ. तेथे मोठाले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकशिळा आहेत. त्यांवर वल्ह्यांची जहाजे आणि आरमारी युद्ध कोरले आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात 1265 च्या सुमारास झालेली लढाई ती हीच, असे काही विद्वान मानतात. डोंगराने गावाला पाणी दिले, खाडीने दर्यावर्दी दिले.

पुढे काळ बदलला. 1867 मध्ये विरारहून मुंबईला आगगाडी सुरू झाली. 1879 मध्ये याच डोंगरातला तुळशी तलाव पुरा झाला व त्याचे पाणी मुंबईला जाऊ लागले. 1957 मध्ये बोरिवली बृहन्मुंबईत आली. शेतांवर घरे उठली. नदी मात्र मागे पडली.

एकदा वर्गात मी विचारले, “मुलांनो, आपली नदी कोणती?” कोणीच बोलेना. शेवटी एक मुलगा म्हणाला, “सर, इथं नदी नाही, नाला आहे.” पावसाळ्यात त्यांना राष्ट्रीय उद्यानात नेले. तुळशीजवळच्या डोंगरातून आलेले स्वच्छ पाणी दाखवून म्हटले, “हाच तुमचा नाला.” तो मुलगा ओंजळीत पाणी घेऊन कितीतरी वेळ उभा होता. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच नदीचे पाणी काठच्या घरांत शिरले होते. आपण नदीला विसरलो, तरी नदी आपली वाट विसरत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावीही एखादा ओढा असेल, पडकी विहीर असेल, पारावर शेंदूर फासलेला वीरगळ असेल. मुलांना घेऊन तेथे जा. पाणी कोठून येते, कोणी अडवले, कोठे जाते, एवढे तीनच प्रश्न विचारा. उत्तरे शोधता शोधता गावाचा इतिहास त्यांच्या हाती लागेल. आणि ज्याला ओढ्याचे नाव ठाऊक आहे, तो त्यात कचरा टाकताना थोडा तरी थबकेल.