रुग्णसेवेतून व्यवस्थापनाच्या विद्येकडे
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीत आज डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते व प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बरेच आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांपैकी कोणी दहा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर व्यवस्थापनशास्त्र शिकण्याचा विचार बोलून दाखविला, की घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "हाती एवढी विद्या असता पुन्हा शाळेत कशाला?" हा प्रश्न अनाठायी नाही. नामांकित संस्थांतील एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचा खर्च आज तीस लाखांच्याही वर जातो, आणि वर्षाचे वेतन बुडते ते निराळेच. घरावर कर्ज काढण्यापूर्वी विचार व्हावयासच हवा.

मदुरेचे नेत्रशल्यविशारद डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नावर निर्धनांचीही शस्त्रक्रिया व्हावी आणि शल्यविशारदाचा वेळ केवळ शस्त्रक्रियेतच खर्ची पडावा, अशी तेथील कामाची वाटणी. पूर्वतयारी व शुश्रूषा खेड्यांतून आलेल्या, तेथेच शिकून तयार झालेल्या मुलींनी सांभाळली. हार्वर्डच्या व्यवसायशाळेने १९९३ मध्ये या रुग्णालयावर अभ्यासपाठ तयार केला. तेव्हा रुग्णालयापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे, हे या विद्यालयांना ठाऊक आहे. अर्जदाराने तेथे याचक होऊन जाण्याचे कारण नाही.

अडचण येते ती अर्ज लिहिताना. वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेचेच पाहा. रात्रपाळीस दोन जणी गैरहजर असता उरलेल्या तिघींत चाळीस रुग्णांची व्यवस्था ती लावते, औषधांचा साठा संपण्याआधी मागणी धाडते, संतापलेल्या नातेवाइकांस शांत करते. हे सर्व व्यवस्थापनच होय. पण अर्जात ती लिहिते, "बारा वर्षे सेवा केली." परीक्षकांस वर्षांची बेरीज नको असते. अडचण कोणती होती, निर्णय कोणी घेतला, त्याने काय बदलले, हे त्यांस हवे असते. आपल्याकडील विनय पुष्कळदा येथे आड येतो, विशेषतः भगिनींच्या बाबतीत.

शिफारसपत्रांविषयी थोडे स्पष्ट बोलतो, राग नसावा. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडे अशा पत्रांसाठी मंडळी येतात. परंतु ज्याने तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्याच्या पत्राने, तो कितीही मोठा असो, काहीच साधत नाही. ज्या वरिष्ठाच्या हाताखाली राबलात त्याचेच पत्र घ्यावे.

प्रवेशपरीक्षेची धास्तीही पुष्कळांस असते, कारण जीवशास्त्राच्या वाटेने गेलेल्यांचे गणित बारावीपूर्वीच सुटलेले असते. जीमॅट परीक्षेचे २०२३ मध्ये सुरू झालेले रूप सव्वादोन तासांचे असून तीत गणित, भाषा आणि आकडेवारीचा अर्थ लावणे असे ४५ मिनिटांचे तीन भाग आहेत. भूमिती आता वगळली आहे. अंकगणित व बीजगणित नोकरी सांभाळूनही सहा महिन्यांत पुन्हा हाताखाली येते. गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून परीक्षा आधी देऊन अर्ज सावकाश करावा.

कोठे जावे? अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने २००६ मध्ये अनुभवी मंडळींसाठी एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. त्यास पदवीनंतर किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. मात्र ज्यास रुग्णालयच चालवावयाचे आहे, त्याने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासनाचा अभ्यासक्रम आधी पाहावा. नावाच्या मोहाने तिप्पट कर्ज काढणे आम्हांस रुचत नाही.

मुलाखतीत "रुग्णसेवा का सोडता?" हा प्रश्न बहुधा येतोच. वेतन हे कारण असेल तर ते लपवू नये. परंतु तेवढेच कारण असेल, तर अर्ज वर्षभर पुढे ढकलावा असे आम्ही सुचवितो.

ज्यांस अर्ज करावयाचा असेल त्यांनी आपला मसुदा रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात आणावा. आम्ही वाचून सूचना करू. त्यात कोणा रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील असल्यास तो घरूनच खोडून आणावा.