मापाचं माप



नाहूरच्या या परिषदेला आलेल्या पाहुण्यांपैकी काही जण काल थेट मुलुंडला पोचले आणि मग मागे आले, असं कळलं. चूक त्यांची नाही. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधलं आमचं हे स्थानक या शतकातलं. फास्ट गाड्या अजूनही इथे न थांबता जातात. पण पर्यावरणाच्या निरीक्षणावर बोलायला याहून सोयीची जागा मुंबईत शोधून सापडणार नाही. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी, मध्ये कारखाने, त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या कामाची धूळ. मोजण्यासारखं सगळं हाकेच्या अंतरावर.

मी संशोधक नाही. माझी नोकरी कारखान्यात मापयंत्रं तपासण्यात गेली. गेज, मायक्रोमीटर, व्हर्नियर. प्रत्येकावर पुढच्या कॅलिब्रेशनच्या तारखेचा स्टिकर. तारीख उलटलेल्या यंत्राचं माप आम्ही वहीत उतरवत नसू. एकदा माझ्याच नजरेतून अशी तारीख निसटली आणि आठवड्याचा माल भंगारात गेला. तेव्हापासून कुणी ‘बिग डेटा’ म्हटलं, की मला आधी तो स्टिकर आठवतो.

माप तपासून घेण्याचा हा विषय मुंबईला नवा नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडणार हे दिसत होतं. संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही चुंबकाला न भुलणाऱ्या दगडाची. आणि लगेच कुलाब्याला कुलूप लावलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुना आकडा नव्याला कसा जोडायचा ते कळलं. मालिका तुटली नाही. आज आपण केंद्र एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर हलवतो, सेन्सर बदलतो आणि आलेखाची रेघ मात्र त्याच रंगाने पुढे ओढतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७४. लोकलने तासाभराचंही अंतर नाही. मुंबईचा पाऊस दोन मापकांत मावत नाही, हे शहराला जीव गमावून कळलं. आता महापालिकेची स्वयंचलित केंद्रं दर पंधरा मिनिटांनी आकडे देतात, वेरावलीला दुसरं डॉप्लर रडार आहे, २०२० पासून पुराची सूचना देणारी ‘आयफ्लोज’ प्रणाली आहे. भांडुपला आभाळ फाटलेलं असताना कुलाबा कोरडा आहे, हे आता बसल्या जागी कळतं. ही मिळकत मोठी आहे. तिला मी नाक मुरडणार नाही.

पण आकडे उदंड झाले की खोटा आकडाही गर्दीत बिनदिक्कत फिरतो. मे २०२४ मध्ये नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने तापमान दाखवलं ५६ अंश. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला, तोवर बातमी देशभर गेली होती. मला त्या ५६ची भीती वाटत नाही. तो इतका अशक्य होता की पकडला गेला. त्या यंत्राने नुसते दोन अंश जास्त दाखवले असते, तर तो आकडा आज कुणाच्या तरी सरासरीत मुकाट बसलेला असता.

उपग्रहाचंही तसंच. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, दहा मीटरला एक ठिपका. कुणी राडारोडा टाकून तिवरं बुजवली, तर आठवड्यात दिसतं. (पावसाळ्यात ढगांखाली काय चाललंय ते मात्र या चित्रात दिसत नाही, आणि हे बुजवणाऱ्यालाही ठाऊक असावं.) त्याच चित्रांत ठाण्याच्या खाडीचा काठ वर्षानुवर्षं अधिक हिरवा होताना दिसतो. आकडा म्हणतो, कांदळवन वाढलं. कोळी म्हणतात, खाडी गाळाने भरतेय. दोन्ही खरं आहे. गाळावर तिवरं पुढे सरकतात आणि फ्लेमिंगोंची चरायची उघडी दलदल तेवढी आक्रसते. हिरव्या ठिपक्यांची बेरीज करणाऱ्या संगणकाला हे कोण सांगणार? म्हणून खाडीकाठचे कोळी बांधव आज पहिल्या रांगेत आहेत. त्यांना शोभेसाठी बोलावलेलं नाही. दुपारच्या सत्रात ते बोलणार आहेत.

काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं, यावरही इथे भांडण व्हावं अशी माझी इच्छा आहे. आमच्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात २०१५ च्या कॅमेरा-ट्रॅप मोजणीत ३५ बिबटे मोजले गेले. कुठला बिबट्या कुठल्या पायवाटेने किती वाजता जातो, हे वनखात्याला कळावं. शिकाऱ्याला आणि व्हॉट्सअॅपला नको. धुळीचे, नाल्यांच्या पाण्याचे, तोडायच्या झाडांचे आकडे मात्र झाकायचं कारणच नाही. घडतं बरेचदा उलटं. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला. माहिती अधिकारात झगडावं लागलं, तेव्हा २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला.

निबंध वाचणाऱ्यांना स्वागताध्यक्ष म्हणून एकच विनंती. पडद्यावर आलेख लावण्याआधी यंत्र कुठे बसवलंय, कोण सांभाळतं आणि शेवटचं कधी तपासलं, एवढं सांगा. त्यासाठी प्रत्येकाला दोन मिनिटं वाढवून दिली आहेत. उद्या सकाळी साडेसहाला भांडुप उदंचन केंद्राकडे पक्षी पाहायला जायचं आहे. बस नाहूर स्थानकाच्या पूर्वेकडून सुटेल. दुर्बीण आणा, आणि वही-पेन्सिलही.