कादंबरी मिळून वाचताना

वर्णद्वेषावरची कादंबरी मित्रमंडळींनी मिळून वाचायची, तर ती उघडी ठेवूनच वाचावी. चर्चेच्या वेळी प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक असावे आणि ज्याला बोलायचे असेल त्याने आधी तो उतारा वाचून दाखवावा. अशा वाचनाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण या थोड्या मिनिटांतून एकच गोष्ट श्रोत्यांच्या लक्षात राहणार असेल, तर ती ही राहावी.

असे नाही केले तर काय होते? बैठक सुरू होऊन पाव तास होत नाही तोच पुस्तक बाजूला पडते. कोणी म्हणतो, माणूस इथूनतिथून सारखाच. कोणी म्हणतो, आता तसे काही राहिलेले नाही. कोणी आपल्या घरात भेदभाव कसा मुळीच मानत नाहीत, ते सांगायला लागतो. चहा येतो, सगळे एकमेकांशी सहमत होऊन उठतात. कादंबरी मात्र न वाचल्यासारखीच राहते.

तांदूळ निवडायला घरात चौघीजणी बसतात, तेव्हा मोठा, वेगळ्या रंगाचा खडा पहिल्याच नजरेत सापडतो. त्रास देतो तो पांढरा खडा. तो तांदळाच्याच रंगाचा, दाण्याएवढाच. एकीच्या नजरेतून सुटतो, आणि ताट जरा उजेडाकडे वळवले की शेजारणीला दिसतो. वर्णद्वेषाच्या कादंबरीचेही तसेच आहे. शिव्या देणारा, खोटी साक्ष देणारा, जमाव घेऊन तुरुंगावर चालून येणारा माणूस सगळ्यांनाच दिसतो. त्यासाठी मित्र बोलावण्याची गरज नाही. जन्माने मिळालेली सवलत मात्र चांगल्या माणसांच्या चांगल्या वागण्यात मिसळून गेलेली असते. एकट्या वाचकाच्या नजरेतून ती सुटते, कारण बहुधा तशीच एखादी सवलत त्यालाही मिळालेली असते. म्हणून ताटाभोवती चौघे हवेत. आणि ताट समोर हवे. ते आत ठेवून बाहेर तांदळावर कितीही गप्पा मारल्या, तरी खडा निघत नाही.

मिळून वाचण्याची ही रीत अमेरिकेत जुनी आहे, आणि वर्णद्वेषाच्या संदर्भात तिचा पाया काळ्या लोकांनीच घातला. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा मानला जात होता, त्या काळात उत्तरेकडच्या फिलाडेल्फिया शहरात १८२८ मध्ये स्वतंत्र काळ्या पुरुषांनी वाचनमंडळ काढले. १८३१ मध्ये तिथल्या काळ्या स्त्रियांनी आपली साहित्यसभा स्थापन केली. सभेत वाचन होई, स्त्रिया स्वतः लिहीत, आणि लिहिलेले निनावी वाचून त्यावर चर्चा होई. नाव नसल्यामुळे बोलणे कोण लिहिते यावरून सरकून काय लिहिले आहे यावर येई. अलीकडच्या काळात सार्वजनिक ग्रंथालयांनी हीच रीत शहरभर नेली. सिएटलमध्ये १९९८ साली सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचावे, असा उपक्रम झाला. २००१ मध्ये शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तसाच उपक्रम सुरू केला, तेव्हा पहिले पुस्तक म्हणून निवड झाली ती हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ची.

वाचनगटाने पहिली कादंबरी म्हणून हीच घ्यावी. १९६० मध्ये ती प्रसिद्ध झाली, १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. अलाबामा राज्यातील मेकोम हे काल्पनिक गाव, १९३० नंतरची मंदीची वर्षे, एका गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा खोटा आरोप असलेला काळा शेतमजूर टॉम रॉबिन्सन, त्याचा खटला लढवणारा गोरा वकील ॲटिकस फिंच आणि हे सगळे पाहणारी त्याची लहान मुलगी स्काउट, हे बहुतेकांना माहीत असते. माहीत असते, आणि इथेच घात होतो. चित्रपट पाहिला आहे एवढ्या भांडवलावर बैठकीला येणारे पुष्कळ असतात. ही टाळाटाळ आहे, आणि ती गटाने चालवून घेऊ नये. चित्रपटात काळ्या लोकांच्या चर्चमधला प्रसंग नाही, मिशनरी मंडळाच्या चहापानाचा प्रसंग नाही, स्काउटची अलेक्झांड्रा आत्याही नाही. सवलतीचे बारीक खडे ज्या पानांत आहेत, नेमकी तीच पाने पडद्यावर आलेली नाहीत.

चर्चचा प्रसंग बाराव्या प्रकरणात आहे. फिंचांच्या घरी राबणारी कॅलपर्निया एका रविवारी स्काउटला आणि तिच्या भावाला आपल्या चर्चमध्ये नेते. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी आपल्या पहिल्या कमाईतून विकत घेतलेली ती वास्तू आहे. तिथे स्तोत्रांची पुस्तके नाहीत, कारण वाचता येणारे चार-दोनच. कॅलपर्नियाचा मुलगा झीबो एक ओळ वाचतो आणि सगळी मंडळी ती गाते. गोरी मुले का आणलीस, म्हणून एक बाई कॅलपर्नियाला सर्वांसमोर अडवते. पाद्री रेव्हरंड साइक्स टॉमच्या बायकोसाठी दहा डॉलर जमेपर्यंत दारे बंद करवतो, कारण खटल्यामुळे तिला कोणी कामावर घेत नाही. स्काउटच्या मात्र वेगळेच लक्षात येते: घरी नीटनेटके बोलणारी कॅलपर्निया इथे इतरांसारखीच बोलते. जिने आपल्याला वाढवले, तिला आपल्या घराबाहेर स्वतःचे एक आयुष्य आहे, हे त्या मुलीला त्या दिवशी पहिल्यांदा कळते.

एकट्याने वाचताना हा प्रसंग गोड वाटतो. चौघांनी मिळून, थांबत थांबत वाचला की प्रश्न निघतात. कॅलपर्नियाला फिंचांच्या घरातले सगळे ठाऊक. मग फिंचांना तिच्या घरातले काय ठाऊक आहे? तिला दोन तऱ्हेने बोलावे लागते, स्काउटला का लागत नाही? तुझ्या घरी येऊ का, असे स्काउट विचारते आणि कॅलपर्निया आनंदाने हो म्हणते. दोन प्रकरणांनंतर हाच विषय निघतो तेव्हा आत्या साफ नाही म्हणते, आणि ते घर वाचकाला कधीच दिसत नाही. या मुलीचा कोणी द्वेष करत नाही, तीही कोणाचा करत नाही. तरी एका बाजूला सगळी दारे उघडी आणि दुसऱ्या बाजूला बंद, ही स्थिती कोणीही वाईट न वागता टिकून राहते. हा पांढरा खडा. तो पानावर बोट ठेवूनच दाखवता येतो.

दुसरा उतारा चोविसाव्या प्रकरणातला. ॲटिकसच्याच घरी गावातल्या बायकांचे मिशनरी मंडळ जमले आहे. स्काउट झगा घालून बिस्किटांची बशी फिरवते आहे. आफ्रिकेतील एका दूरच्या जमातीच्या दुःखाने मिसेस मेरीवेदर यांचे डोळे भरून येतात. मग त्याच बाई आपल्या घरच्या काळ्या मोलकरणीबद्दल तक्रार करतात, की खटल्याच्या निकालापासून ती तोंड पाडून वावरते. पुढे त्या आडून आडून ॲटिकसवरही टीका करतात, त्याच्याच घरचे खात बसून. इतक्यात ॲटिकस येतो आणि स्वयंपाकघरात सांगतो, की टॉम तुरुंगातून पळताना गोळ्या लागून मेला. कॅलपर्निया टॉमच्या बायकोला कळवायला त्याच्याबरोबर निघून जाते. बाहेरच्या खोलीत चहापान चालूच राहते. हा उतारा गटात मोठ्याने वाचावा. निम्मी चर्चा त्यातच होते. दूरच्यासाठी रडणारे डोळे जवळच्या माणसासाठी कोरडे का राहतात, हा प्रश्न मग कोणाला बाहेरून आणावा लागत नाही.

मोठ्याने वाचण्याचा विषय निघाला की या कादंबरीतील एक अडचण सांगितलीच पाहिजे. काळ्या लोकांना हिणवणारा एक शब्द तिच्यात वारंवार येतो. २०१७ मध्ये मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सीच्या शाळांनी ही कादंबरी आठवीच्या वर्गातून काढली, तेव्हा तिच्यातील भाषेमुळे अस्वस्थ वाटते, हेच कारण दिले गेले. गटाने पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे, की तो शब्द डोळ्यांनी वाचायचा, तोंडाने उच्चारायचा नाही. पुस्तकात तो कोण वापरतो, कोणासमोर वापरतो आणि कोण ऐकून घेतो, हे मात्र जरूर बोलावे. अस्वस्थ वाटणे हा अशा वाचनातला अडथळा मानू नये. दाताखाली खडा रोज कोणाच्या येतो, ते त्यातूनच कळायला लागते.

यानंतरची पायरी ॲटिकसची, आणि इथे मित्रमंडळीत हमखास मतभेद होतात. ते व्हावेत. ॲटिकस सज्जन आहे, निर्भय आहे. पण तो खटला त्याने आपणहून घेतलेला नाही, न्यायाधीशाने त्याच्याकडे सोपवला आहे. तो राज्याच्या विधिमंडळाचा सभासद आहे, आणि त्या राज्याचे कायदेच काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणारे आहेत. १९९२ मध्ये मनरो फ्रीडमन या अमेरिकी कायदेपंडितांनी हाच आक्षेप जाहीरपणे मांडला, तेव्हा वकिलांच्या जगात मोठा वाद झाला. दुसरा आक्षेप असा, की अन्याय टॉमवर होतो पण गोष्ट घडते ती फिंचांच्या घरात. सबंध कादंबरीत टॉम सलग बोलतो तो साक्षीच्या वेळी. तिथेही, त्या मुलीची आपल्याला कीव आली, एवढे तो म्हणतो आणि सरकारी वकील तेवढेच धरून बसतो. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीची कीव करावी, हेच त्या न्यायालयाला सोसत नाही. हे एकोणिसावे प्रकरण गटाने सावकाश, दोन बैठकांत वाचले तरी चालेल. ताटात तांदूळ थोडाच घ्यावा लागतो. ढीग ओतला की निवडणे होत नाही.

सवलत स्वतःला का दिसत नाही, याचे एक चांगले उदाहरण पेगी मॅकिंटॉश यांच्या कामात आहे. अमेरिकेतील वेल्स्ली येथील या अभ्यासक बाई पुरुषांना मिळणाऱ्या सवलतींवर काम करत होत्या. पुरुषांना आपली सवलत दिसत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. मग त्यांच्या लक्षात आले, की गोऱ्या म्हणून स्वतःला मिळणारी सवलत त्यांनाही दिसली नव्हती. १९८८ मध्ये त्यांनी रोजच्या जगण्यातील अशा सवलतींची यादीच प्रसिद्ध केली. एका बाजूने सोसणारा माणूस दुसऱ्या बाजूने उपभोगणारा असू शकतो, हे गटातल्या प्रत्येकाने आपल्यापुरते ताडून पाहावे. गटात ज्याने भेदभाव प्रत्यक्ष सोसला आहे असा मित्र असेल, तर त्याला साक्षीदार म्हणून उभे करू नये. त्याला बोलावेसे वाटले तर त्याने बोलावे, नाहीतर इतरांसारखा उतारा वाचावा. पुस्तक मध्ये असले की त्याच्यावरचा भार हलका होतो. पुस्तक उघडे ठेवा, हे पुन्हा सांगण्याचे कारण हेच.

मराठी वाचनगटात दोन पळवाटा निघतात. एक, हा अमेरिकेचा प्रश्न आहे, आपल्याला काय त्याचे. दुसरी, दोन पाने वाचून लगेच जातीवर घसरायचे आणि मेकोममधली माणसे तिथेच सोडून द्यायची. दोन्हींत पुस्तक मिटते. जातीवर बोलूच नये, असे अजिबात नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हा संबंध खराच आहे, आणि एक सबंध बैठक त्यासाठी राखून ठेवावी. फक्त ती कादंबरी पुरती वाचून झाल्यावर. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर संबंध आणखी जवळचा आहे. भारतीयांना तिथे मोठ्या संख्येने जाता आले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि मूळ देशावरून ठरणारे कोटे रद्द करणारा तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने घडवलेल्या वातावरणात मंजूर झाला. काळ्या लोकांच्या लढ्याने उघडलेल्या दारातून आत आल्यावर त्यांच्याबद्दल बेफिकीर राहणे शोभत नाही. यावर अधिक बोलायला हवे, पण वेळ थोडा उरला आहे.

व्यवस्थेचे दोन शब्द. गटात सहा ते आठ जण पुरेत. एकतीस प्रकरणांची ही कादंबरी सहा-सात बैठकांत होते. प्रत्येकाने दर वेळी एक उतारा निवडून, पानाचा आकडा टिपून यावे. ज्याचा उतारा, तो आधी वाचेल. बाकीचे तो संपेपर्यंत थांबतील. ‘आमच्याकडे’ने सुरू होणारी वाक्ये शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी ठेवावीत.

आणि एका कादंबरीवर थांबू नये. जोडी पिकोल्ट यांची २०१६ मधील ‘स्मॉल ग्रेट थिंग्ज’ काळी परिचारिका, वर्णद्वेष्टा बाप आणि स्वतःला निःपक्षपाती समजणारी गोरी वकील अशा तिघांच्या तोंडून सांगितलेली आहे. गटात तीन आवाज वाटून वाचायला ती फार सोयीची. पण पिकोल्ट काय आणि ली काय, दोघीही गोऱ्या. म्हणून त्यानंतरचे पुस्तक काळ्या लेखिकेचेच असावे. टोनी मॉरिसन यांची १९७० मधील ‘द ब्लूएस्ट आय’ घ्यावी. ओहायो राज्यातील पेकोला या काळ्या मुलीला निळे डोळे हवेसे का वाटतात, ते त्यात आहे. वाचवायला येणारा वकील त्यात नाही, त्यामुळे चर्चेत आडोसा घ्यायला कोणाला जागाही राहत नाही.