पाहुण्या म्हणून जाऊ या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा होळीच्या सुमारास मंडळाची सहल सातपुड्यात भोंगऱ्या बाजार पाहावयास न्यावी, अशी सूचना आली आहे. माझा तिला पाठिंबा आहे. पण निघण्यापूर्वी दोन शब्द सांगावेसे वाटतात.

होळीच्या आधीच्या आठवड्यात पावरा व भिल्ल समाजाच्या भागात जे आठवड्याचे बाजार भरतात, तोच भोंगऱ्या. आपल्या जिल्ह्यात रावेर, चोपडा तालुक्यांच्या डोंगराकडेला आणि पुढे धुळे-नंदुरबारातही तो भरतो. गूळ, डाळ्या, साखरेचे हार-कंगन अशी होळीची खरेदी होते, ढोल वाजतात, नाच होतो. आपला दिवाळीचा बाजार असतो, तसाच हा.

दोन वर्षांमागे मी तेथे गेले होते. गाडीत कोणी सांगितले की, येथे मुलगा मुलीला गुलाल लावून पळवून नेतो. मी ते खरे मानले, आणि बांगड्या भरणाऱ्या एका मुलीला हसत विचारले, "काय गं, ठरलं का तुझं?" तिच्या आईने तिला मागे ओढले आणि म्हणाली, "बाई, आम्ही होळीचा बाजार करायला आलो. तुमच्या पोरीला असं कोणी विचारलं तर चालेल का?" मला मान वर करवेना. त्या समाजातील जाणती माणसेही ही पळवून नेण्याची कथा खोटी असल्याचे सांगत आली आहेत. उद्या आपल्या हळदीकुंकवाला परकी माणसे आणून, "या बायका दागिने मिरवायला जमतात," असे कोणी सांगू लागले तर आपल्याला काय वाटेल?

१९०४ साली अमेरिकेत सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात फिलिपाइन्सच्या डोंगरातील इगोरोट लोकांना आणून, तिकीट लावून दाखविले. लोकांनी चवीने पाहिले ते त्यांचे कुत्र्याचे मांस खाणे. त्याच डोंगरांतील भातशेतीच्या पायऱ्यांना १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारसा मानले. अशा पायऱ्या बांधणाऱ्या त्या डोंगरांतल्या लोकांचाच असा तमाशा झाला होता.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी प्रसिद्ध आहे. तेथे मोरपिसांचा टोप घालून नाचणारे बुध्या नवसाचे असतात; त्या दिवसांत ते पाळणी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. अशा व्रतस्थ माणसाला फोटोसाठी हाताला धरून ओढणे शोभते काय?

पाहुणे आले तर तेथील घरांत चार पैसे जातील, ही गोष्ट चांगलीच आहे. म्हणून आपण तीन गोष्टी पाळू. विचारल्यावाचून कोणाचा फोटो काढावयाचा नाही. वस्तू करणारणीच्या हातूनच घ्यावयाची, आणि भावात घासाघीस करावयाची नाही. आणि ऐकीव गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी तेथल्याच एखाद्या बाईला विचारावयाचे.

ती माउली यंदा भेटली तर मला तिची क्षमा मागावयाची आहे.