संकेतस्थळाचा उंबरठा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या रुग्णालयाच्या संकेतस्थळाची फेररचना पूर्ण होत आली आहे. येत्या वर्धापनदिनी ते सर्वांसाठी खुले करण्याचा मंडळाचा मानस आहे. त्याआधी त्यावर अभिप्राय मागवावेत असे ठरले असून, ते कोणाकडून व कसे घ्यावेत याविषयी बोलण्याची संधी मला दिल्याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे.

रुग्णालयाच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार असावा, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. परंतु आज रुग्णाचे कुटुंबीय दाराशी पोहोचण्यापूर्वी मोबाइलवर आपले संकेतस्थळ उघडतात. बाह्यरुग्ण विभागाची वेळ, तपासणीचे दर, सवलतीसाठी लागणारी कागदपत्रे, सारे तेथेच शोधतात. रुग्णालयाचा पहिला उंबरठा आता तेथे आहे. तो सर्वांना ओलांडता येतो की नाही, हाच आपल्यापुढील प्रश्न आहे.

सन २०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ५० लाख दृष्टिबाधित होते. मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणारे आजोबा, कंपवातामुळे बोट स्थिर न राहणाऱ्या आजी, हाताला प्लास्टर असलेला तरुण यांतील अनेकांची गणना अशा आकड्यांत होतही नाही. रुग्णालयाकडे मात्र हीच मंडळी अधिक येतात.

अंध व्यक्ती संकेतस्थळ कसे वाचते, हे येथे थोडक्यात सांगतो. स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर पानावरील मजकूर बोलून दाखविते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने सन २००६ मध्ये आरंभलेले एनव्हीडीए हे असे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते व ते मराठीही बोलू शकते. मात्र ते पानाचे देखणे रूप पाहत नाही; त्यामागे लिहिलेला कोड वाचते. म्हणून कोडची गुणवत्ता हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

काही उदाहरणे देतो. पान मराठीत असूनही कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदविलेली असेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करू शकतो आणि ऐकणाऱ्याला अर्थबोध होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल, तर डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. अर्जातील चौकटीला कोडमध्ये नाव जोडलेले नसेल, तर तेथे रुग्णाचे नाव लिहायचे की वय, हे कळत नाही. बटण बटणासारखे केवळ रंगविलेले असेल, तर माउस न वापरणाऱ्याला कळफलकावरून ते दाबता येत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याची बाब. सन २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. या योजनेचे पत्रक स्कॅन करून केवळ चित्र म्हणून संकेतस्थळावर लावले, तर स्क्रीन रीडरला त्यातील मजकूर सहसा वाचता येत नाही. ज्याच्यासाठी सवलत आहे, त्याच्यापर्यंत ती वार्ताच पोहोचत नाही. देणगीदारांनी दिलेला पैसा असूनही खाट रिकामी राहावी, याहून मोठे दुर्दैव कोणते?

अभिप्राय घेताना आपण बहुधा विचारतो, “संकेतस्थळ कसे वाटले?” उत्तर येते, “छान झाले आहे.” ही सदिच्छा झाली, परीक्षा नव्हे. परीक्षा तीन पायऱ्यांनी करावी, अशी माझी सूचना आहे.

पहिली पायरी स्वयंचलित तपासणीची. वेबएम या संस्थेने सन २०२५ मध्ये जगातील १० लाख मुख्यपृष्ठे तपासली, तेव्हा त्यांपैकी ९४.८ टक्के पृष्ठांवर सुगम्यतेचे दोष आढळले. त्यांत सर्वाधिक आढळलेला दोष फिकट अक्षरांचा होता. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी असलेला उजळपणातील भेद किमान ४.५ : १ असावा लागतो. असे दोष यंत्र क्षणात दाखविते. परंतु शस्त्रक्रियागृहाच्या छायाचित्राला ‘चित्र १’ असे वर्णन दिले, तरी यंत्र समाधानी होते. म्हणून तेवढ्यावर थांबू नये.

दुसरी पायरी माउस बाजूला ठेवण्याची. केवळ टॅब व एंटर या कळांनी सवलतीचा अर्ज भरून पाहावा. आपण कोणत्या चौकटीत आहोत, हे प्रत्येक वेळी दिसले पाहिजे.

तिसरी पायरी सर्वांत मोलाची. अंध, अल्पदृष्टी, वृद्ध आणि हाताची हालचाल मर्यादित असलेल्या काही व्यक्तींना सन्मानाने बोलवावे, त्यांचा प्रवासखर्च व मानधन द्यावे. “मोफत उपचारासाठी कोणती कागदपत्रे लागतात ते शोधा,” असे एखादे काम सांगावे आणि शेजारी शांत बसावे. मदत करू नये, सुचवू नये. ते कोठे अडले, एवढेच टिपावे. ही परीक्षा त्यांची नसून आपली आहे, हे प्रारंभीच सांगावे. पुढे प्रत्येक नोंदीसमोर दुरुस्ती, जबाबदार व्यक्ती व तारीख लिहून ते टिपण त्यांनाही पाठवावे.

खर्चाचा प्रश्न विश्वस्तांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविषयी ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी सन १९९९ मध्ये तक्रार केली होती. दुरुस्ती फार खर्चिक आहे, हा आयोजकांचा बचाव तेथील मानवी हक्क आयोगाने सन २००० मध्ये अमान्य केला आणि पुढे आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. आपल्याकडेही दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सन २०१६ मध्ये झाला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोच हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. घराचा पाया भरताना उतार करणे स्वस्त असते. फरशी बसल्यावर ती फोडून करणे महाग पडते. संकेतस्थळाचेही तसेच आहे.

म्हणून मंडळास माझी नम्र विनंती आहे. दोषांची यादी दुरुस्त होईपर्यंत संबंधित कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता राखून ठेवावा. आणि सवलतीचा अर्ज एखाद्या अंध व्यक्तीला दुसऱ्याच्या मदतीविना भरता आला नाही, तर वर्धापनदिनाचे उद्घाटन निःसंकोच पुढे ढकलावे. निमंत्रणपत्रिका पुन्हा छापता येतात. निराश होऊन परतलेला रुग्ण मात्र पुन्हा येईलच, असे नाही.

येथे उपस्थित असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांनाही आवाहन करतो. आपल्या घरी कोणी दृष्टिबाधित वा वयोवृद्ध असतील, तर या तपासणीसाठी त्यांची नावे सभेनंतर कार्यालयात अवश्य नोंदवावीत. देणगी जशी रुपयांची असते, तशी ती एका तासाची आणि परखड मताचीही असू शकते. ती आपण द्याल, असा विश्वास व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.